दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे

एक बाई गाते आहे. भाषा कुठली ते कळत नाही, पण कुणीतरी तिला ताटकळत ठेवलंय एवढं कळतं.

गुलाबी मेण कोमट पाण्यात टाकलं की आधी कडेनं मऊ पडतं.

बेडूक पाण्यात उडी मारतो. बेडूक वर येतो. बेडूक पाण्यात उडी मारतो. मागे लहान मुलांच्या टाळ्या.

खिडकीत वाळत ठेवलेला एक खालचा जबडा. पांढरा, प्लॅस्टरचा, कुणाचा ते माहीत नाही.

विणलेला स्वेटर. पिवळा, कारण मुलगा की मुलगी ते विचारलेलं नाही.

पितळी वाद्यांचा बँड. चाल लग्नाची, वेग अंत्ययात्रेचा.

ऐकणं थांबवलं आहे. दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.

*

यातल्या एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असं वाटेल. पण हे सगळं एकाच माणसाचं आणि एकाच सोमवारचं आहे.

माणूस कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, त्यावर तो मेण बसवतो, मेणात दात रोवतो, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरतो, उकळतो, घासतो, चकाकवतो आणि डबीत घालून पाठवून देतो. त्या कवळ्या ज्यांच्या तोंडात जातात त्यांतला एकही जण त्यानं पाहिलेला नाही. पाहायची गरजही त्याला वाटत नाही. साचा हातात घेतला की तो सांगणार: हा झोपेत दात खातो. ही डाव्या बाजूनंच चावते. ह्यानं मोठेपणापर्यंत अंगठा चोखलाय. चार टेबलांच्या त्या खोलीत, जिला सगळे लॅब म्हणतात, त्याच्या या विद्येची थट्टा व्हायची आणि तिला मानही होता.

काम करताना त्याच्या एका कानात गाणं असायचं. दुसरा कान घासायच्या मशीनसाठी मोकळा. मशीनचा आवाज बदलला की हात थांबवायचा असतो, नाहीतर कवळीला भोक पडतं.

गाण्याचं अ‍ॅप दर सोमवारी सगळ्यांना एक नवी यादी देतं. तुम्ही आजवर हे हे ऐकलंत, तेव्हा तुम्हाला हे हे आवडेल, असं म्हणून. ह्याच्या यादीची तऱ्हा जरा वेगळी होती, कारण खातं एक आणि ऐकणारे दोघं. तो आणि त्याची धाकटी बहीण. ती बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या गावात एकटी राहायची. घरात तिला बारकी म्हणत, आणि ती चांगली उंच झाल्यावरही बारकीच म्हणत राहिले.

एका खात्यावर एका वेळी एकालाच ऐकता येतं. इकडे यानं लावलं की तिकडे तिचं बंद पडायचं, आणि पडद्यावर 'दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे' ही ओळ यायची. मग तिकडून ती लावायची, की इकडे ह्याचं बंद. दोघं एकमेकांच्या घशातून गाणं काढून घेतल्यासारखी खेळायची, शेवटी एकाचा मेसेज जायचा.

"मेल्या दादा, ऐकू दे की."

"तू आधी चोरलंस."

"मी लहान आहे."

"घोडी झालीस."

अ‍ॅपला काही हे दोघं आहेत हे ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी हा एकच माणूस, ज्याला सकाळी पितळी बँड लागतात आणि संध्याकाळी घसा फोडून गाणाऱ्या पोरी. त्यामुळे सोमवारच्या यादीत अशी गाणी यायची जी दोघांपैकी एकालाही आपणहून सापडली नसती. बँडच्या साथीवर घसा फोडणाऱ्या पोरी, उदाहरणार्थ. बारकीनं या तिसऱ्या माणसाचं नाव 'मधला' ठेवलं होतं. आपल्या दोघांच्या मधला भाऊ, आईनं आपल्यापासून लपवून ठेवलेला. सोमवारी दुपारी तिचा फोन यायचाच.

"दादा, मधल्याला काय झालंय रे या आठवड्यात? नुसता रडतोय."

"प्रेमात पडला असेल."

"त्याला कोण विचारतंय! तुझे बँड ऐकून ऐकून बुरसटलाय तो."

*

मग आई गेली, आणि त्यानं आईचा फोन पुसला.

यात वाईट काहीच नव्हतं असं तो पुढे बरेच दिवस म्हणत राहिला. माणूस गेला की त्याच्या वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात. समोरच्या इमारतीतल्या पहारेकऱ्याला फोन हवा होता. आणि दुसऱ्याला द्यायचा तर आधी पुसून द्यावा, ही तर शहाणपणाची गोष्ट. त्यानं मन लावून पुसला. अगदी कारखान्यातून आल्यासारखा करून दिला.

पण शेवटच्या काळात आईला दिसेनासं झालं होतं. लिहिता येत नव्हतं, तेव्हा ती लक्षात ठेवायच्या गोष्टी फोनमध्ये बोलून ठेवायची. गोळ्या संपत आल्यात. पंखा कुरकुरतोय, दादाला सांगायचं. आज जिन्यात पडता पडता वाचले, कुणाला सांगायचं नाही. बारकी सुट्टीला यायची तेव्हा दोघी मिळून ते ऐकायच्या आणि हसायच्या. दादाला ते रेकॉर्डिंग आहे हेच माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं पण आई फोनशी पुटपुटते यापलीकडे त्यानं कधी विचार केला नव्हता.

बारकी आली, आल्या आल्या तिनं विचारलं, "आईचा फोन कुठाय?"

"दिला. पुसून दिलाय नीट, काळजी करू नको."

तिनं खांद्यावरची पिशवी काढता काढता परत वर घेतली. मग म्हणाली, "आईचा आवाज पुसलास तू."

तो म्हणाला, "अगं, गोळ्यांच्या याद्या होत्या त्या."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. ते त्याला बोलताक्षणीच कळलं, आणि कळलं म्हणूनच त्यानं ते आणखी एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं. बारकी संध्याकाळच्या बसनं निघून गेली. पुढची दोन वर्षं ना तिचा फोन, ना ह्याचा.

मात्र खातं तसंच राहिलं. यानं तिला काढलं नाही आणि ती बाहेर पडली नाही.

*

त्यामुळे त्याचं गाणं अधूनमधून बंद पडत राहिलं. कवळीला पॉलिश चालू असायचं, बँड रंगात यायचा, कर्णा आता वरच्या सुरात जाणार, जाणार, आणि

दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.

तो परत लावत नसे. तोंडात काही गोड असल्यासारखा गप्प बसे. आहे म्हणायची बारकी. ऐकतेय. जेवली असेल, कपडे वाळत घालत असेल, आणि गाणं लावलं असेल. तिला निवांत ऐकू द्यावं. भांडणानंतर त्यानं तिचं गाणं एकदाही जाणूनबुजून तोडलं नव्हतं, आणि माफी या शब्दाच्या जवळ तो जेवढा पोचला होता तो एवढाच.

मग बरेच दिवस काहीच तुटलं नाही. तो बेचैन झाला. बायको म्हणाली, "अहो, एक फोन करा." त्यानं केला नाही. आणि एका सकाळी पुन्हा गाणं तुटलं, तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की काय लावलंय तिनं ते बघायला तो धावला.

अंगाईगीत.

दुपारी पुन्हा अंगाई. दुसऱ्या दिवशीही. मग बेडकाचं गाणं, आकड्यांचं गाणं, दात घासायचं गाणं. संध्याकाळी मात्र कुणीतरी एकटंच ऐकावीत तशी जुनी प्रेमाची गाणी, एकामागून एक. सोमवारची यादीही पालटली. मधल्याला आता झोपाळ्यांची गाणी आवडत होती, आणि अनोळखी भाषेत वाट बघणाऱ्या बायकांची.

त्यानं जणू साचा हातात घेतला आणि जबडा वाचला. बारकीनं लग्न केलं. न कळवता, कारण कळवणार कुणाला? दिवस गेले, तेव्हाच्या त्या अंगाया. बाळ झालं, तेव्हाचा बेडूक. नवरा बरा असावा, संध्याकाळची गाणी सुखी घरातली वाटत होती. फक्त कधीकधी वाट बघणारी बाई यायची, तेव्हा नवरा फिरतीवर असणार. त्यानं त्याला फिरतीची नोकरीही देऊन टाकली.

"काय हो, आज चेहरा का खुललाय?" समोरच्या टेबलावरून कॅपवालीनं विचारलं. ती दातांवर बसवायच्या टोप्या करायची आणि लॅबमध्ये कुणाचीच भीड ठेवायची नाही. "कुणाची कवळी एका दमात बसली वाटतं."

"मामा झालो."

"अय्या! बहिणीनं कळवलं?"

"कळवलं नाही. कळलं."

"म्हणजे?"

त्यानं कानातलं काढून तिच्या हातात दिलं. तिनं बेडकाची दोन कडवी ऐकली आणि परत दिलं.

"अहो, माझा नवरा रोज रात्री कुस्ती बघतो. म्हणून काय पैलवान झाला?"

"तुला नाही कळायचं ते. जबड्यावरून मी माणूस सांगतो की नाही?"

"जबडा तरी खऱ्या माणसानं चावून दिलेला असतो हो," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

घरी बायकोनं स्वेटर विणायला घेतला. तिचा विश्वास बसला होता की नाही कुणास ठाऊक, पण या निमित्तानं तरी हे उठून जातील एवढं तिला दिसत होतं.

"फोन करून जा."

"फोनवर काय बोलू?"

"विचारा, बाळ कसंय."

"आणि ती म्हणाली, कुठलं बाळ?"

"तर निदान तेवढं तरी कळेल," बायको म्हणाली, आणि सुया चालवत राहिली.

त्याला तेवढं कळून घ्यायचं नव्हतं. बाळ असलं तर सगळं सोपं होतं. मामा दारात उभा राहणार, बाळ पुढे केलं जाणार, मामा त्याला उचलणार, आणि त्या गडबडीत आईच्या फोनचं नाव कुणी काढणार नाही. दोन वर्षांपासून न झालेलं बोलणं एका पोरानं ओलांडून नेलं असतं. त्याच्यासाठी ते बाळ असणं भाग होतं, कारण बाळाशिवाय त्याला बहिणीच्या घरात शिरायची वाट

दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.

*

बारकीच्या इमारतीत तळमजल्याच्या एका दाराबाहेर लहान लहान बूट ओळीनं ठेवलेले होते. दुपारची वेळ, आत सगळं चिडीचूप. चांगलंय, त्याला वाटलं. पोरांचा शेजार आहे, आपल्याला सोबत होईल. आपल्याला म्हणजे भाच्याला.

वर जाऊन त्यानं घंटा दाबली. आवाज आला नाही. परत दाबली. दाराच्या फटीखालून मात्र आतला दिवा लागून विझल्यासारखा दिसला. वीज बिघडली असावी, म्हणून त्यानं दार वाजवलं. मग हाक मारली. मग वैतागून घंटा दाबूनच धरली, आणि फटीतला उजेड उघडझाप करत राहिला.

दार उघडलं. बारकी वाळली होती. केस आखूड कापलेले. त्याला बघून ती हसली नाही आणि दार लोटलंही नाही.

"बारके," तो म्हणाला, आणि मग पाठ करून आणलेलं सगळं एकदम, भराभरा म्हणाला. की मला कळलं, की तू कळवलं नाहीस ते ठीकच, की वहिनीनं हा स्वेटर, की बाळ झोपलंय का.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"दादा," ती म्हणाली, आवाज जरा जास्तच मोठा, "मिशी काप आधी. काही वाचता येत नाही."

त्याचा हात मिशीवर गेला.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आत ये. फोनवर लिही काय ते."

खोली नीटनेटकी होती. एक पलंग, एक टेबल, टेबलावर शिवणाचं मशीन, भिंतीवर घंटेला जोडलेला दिवा. पाळणा नव्हता. स्वेटर कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, तेव्हा त्यानं तो मांडीवर घेतला, आणि स्वेटर पोरासारखा मांडीवर बसला.

त्यानं लिहिलं, कधीपासून?

"आईनंतर सहा महिन्यांनी एक कान. मग दुसरा. डॉक्टर म्हणतात होतं असं कुणाकुणाला, कारण सापडत नाही."

त्यानं लिहिलं, मग गाणी कोण ऐकतं?

"कुठली गाणी?"

त्यानं अ‍ॅप उघडून तिच्यापुढे धरलं. आजवर तुटलेल्या गाण्यांच्या जागी लागलेली सगळी गाणी: बेडूक, आकडे, अंगाया, संध्याकाळच्या बायका. बारकी वाचत खाली खाली गेली. मग तिला उमगलं, आणि दारात मिटलेला तिचा चेहरा पहिल्यांदा थोडा उघडला.

"अरे, स्पीकर मी खालच्या पाळणाघराला देऊन टाकला. मला काय उपयोग? तुझं खातं त्यातच राहिलं असणार. दिवसभर पोरांसाठी लावतात. संध्याकाळी झाडणारी बाई स्वतःसाठी लावते, तिचा नवरा सोडून गेलाय." मग पुन्हा पडद्याकडे बघत म्हणाली, "मधल्याला पोरं झाली की रे, दादा."

दोघंही हसली. तिचं हसणं तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ते जरा लांबलं.

हसणं सरलं. ज्याच्यावर स्वार होऊन तो आला होता ते बाळ नव्हतं, आणि आता तो दोन वर्षांपूर्वीच्याच जागी उभा होता. त्यानं लिहायला घेतलं. आईच्या फोनचं, एवढं लिहून खोडलं. मी तेव्हा, एवढं लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, का नाही कळवलंस मला?

"तू विचारलंस?"

त्यानं मांडीवरच्या स्वेटरची घडी मोडून परत घातली.

"एका परीनं बरंच झालं," बारकी म्हणाली. ती रागावलेली दिसत नव्हती, तेच त्याला सोसवेना. "आईचा फोन आज असता तरी मला काय ऐकू येणार होतं? म्हणजे तुझं फिटलं. तुझा आवाज माझ्या डोक्यात आहे अजून, तू ओरडतोसच एवढा. पण आईचा येत नाही. कशी 'बारके' म्हणायची ते आठवायला बसते, तर तोंड हलताना दिसतं नुसतं." ती थांबली. "सहा महिने होते ना माझ्याकडे. दोन्ही कान होते. तेवढ्यात रोज लावून ऐकून घेतलं असतं. पाठ केलं असतं."

तो तोंडानं म्हणाला, "चुकलं माझं." दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. बारकी खिडकीबाहेर बघत होती.

तिनं वळून बघेपर्यंत त्याचं तोंड मिटलं होतं. फोनवर लिहायचं तर ते शब्द बोटांत येईनात. मघाशी कसे सहज निघाले होते.

"बसचं बघ," ती म्हणाली. "शेवटची लवकर असते. वहिनीला सांग, स्वेटर छान झालाय. खाली देते कुणाला तरी."

आणि दारात, "पुढच्या वेळी आधी मेसेज टाक. घंटा दाबून धरू नको अशी, डोळ्यांना त्रास होतो."

पुढच्या वेळी, असं ती म्हणाली, हे त्यानं जिना उतरताना दोनदा स्वतःला सांगून पाहिलं.

*

पाळणाघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. आत चटयांवर मुलं झोपली होती, आडवीतिडवी, तोंडं उघडी. त्या तोंडांत नुकते आलेले दात होते, ज्यांचं त्याला काही काम नव्हतं. कपाटावर बारकीचा स्पीकर. अंगाई चालू होती. एक बाई भिंतीला टेकून पेंगत होती.

त्यानं खिशातून फोन काढला आणि बँड लावला.

आत अंगाई थांबली. बाई दचकली. उठून तिनं स्पीकरवरचं बटण दाबलं, आणि त्याच्या कानात बँड थांबला.

दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.

त्यानं परत लावलं. तिनं परत दाबलं. त्यानं परत. तिनं परत. त्याचे ओठ हलत होते, मेल्या दादा, ऐकू दे की, आणि कोपऱ्यातलं एक पोर उठून रडायला लागलं तरी त्यानं परत लावलं.

बाईनं वैतागून स्पीकर भिंतीवरच्या बटणानंच बंद केला आणि रडणाऱ्या पोराला खांद्यावर घेतलं.

बँड सुरू राहिला. कर्णा वरच्या सुरात गेला, तिथे ठरला, खाली आला. तो खिडकीशी उभा राहून वाट बघत होता. गाणं कुणी तोडलं नाही. ते संपलं, आणि अ‍ॅपनं आपणहून पुढचं लावलं.

ज्या सकाळी बारकीचा दुसरा कान गेला, त्या सकाळी तिनं शेजारणीला बोलावून विचारलं होतं, न्हाणीघरातला नळ चालू राहिलाय का जरा बघशील, मला तो बंद दिसतोय पण पाण्याचा आवाज थांबत नाही.